मसुदेकाकांचा खुलासा

"आज मला कुणीही कुठेही नेणार नाही!" मसुदेकाकांनी सकाळी साडेआठ वाजता हॉटेलच्या खोलीत मधोमध उभं राहून जाहीर केलं. "तळं नाही, डोंगर नाही, म्युझियम तर नाहीच नाही! आज एक टेबल, एक खुर्ची, चहा आणि लेखन. कसा निवांत दिवस घालवायचा ते बघा. संध्याकाळी याल तेव्हा दोन पानं तयार असतील. शाई वाळलेली!"

लेकीनं जावयाकडे पाहिलं, जावयानं छताकडे पाहिलं आणि काकू थर्मासचं झाकण घट्ट करत राहिल्या. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती. काकांच्या तोंडून 'निवांत' हा शब्द बाहेर पडला, की त्या दिवशी घरातलं काहीतरी फुटतं.

आता 'मसुदे' हे काही काकांचं आडनाव नव्हे. सरकारी कचेरीत अडतीस वर्षं मसुदे लिहिले, हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, आणि मग अख्खी कॉलनी त्यांच्याकडून लिहून घेऊ लागली. नळाला पाणी नाही? अर्ज काकांचा. कुणी नोकरीतून सुटला? निरोपाचं भाषण काकांचं. लग्नाची पत्रिका, शोकसभेचा ठराव, सगळं काकांचं. समोरच्या कुत्र्याविरुद्धची तक्रार काकांनीच लिहिली होती, आणि कुत्र्याच्या मालकानं त्या तक्रारीला दिलेलं सडेतोड उत्तरही काकांनीच! तेव्हापासून ते मसुदेकाका.

आणि नेमकं इथंच घोडं अडलं होतं. परदेशी निघायच्या आधी, बॅगा भरताना, काकू मोज्यांच्या जोड्या लावता लावता म्हणाल्या होत्या, "अहो, साऱ्या कॉलनीसाठी लिहिलंत. त्या कुत्र्यासाठीसुद्धा लिहिलंत. माझ्यासाठी कधी एक ओळ लिहिली नाहीत."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, रागाला उत्तर देता येतं. काका छाती पुढे काढून म्हणाले, "लिहीन! आपल्या लग्नाचा चाळिसावा वाढदिवस तिकडेच येतोय ना? त्या दिवशी रात्री आठ वाजता, जेवणाच्या टेबलावर, दोन पानं वाचून दाखवीन. तुझ्याविषयी. माझ्या अक्षरात!"

"बघू," काकू म्हणाल्या आणि बॅगेची चेन ओढली.

तो दिवस आज उजाडला होता. आधीचे नऊ दिवस काकांनी लिहायचं कोरं पॅड बसमधून, बोटीतून, डोंगरावरच्या पाळण्यातून फिरवून आणलं होतं. पॅडनं भरपूर प्रवास केला, पण त्यावर एक अक्षर उमटलं नाही. काकूंनी या नऊ दिवसांत एकदाही विचारलं नाही, आणि ते न विचारणंच काकांना जास्त बोचत होतं.

"नाही जमलं तर राहू द्या हो," दारातून बाहेर पडताना काकू म्हणाल्या. "मी काही बोलणार नाही."

हे वाक्य काकांच्या ओळखीचं होतं. पंधरा वर्षांपूर्वी ते काकूंना बाजारात उभं करून एकटेच घरी आले होते. तेव्हाही काकू "मी काही बोलणार नाही" म्हणाल्या होत्या, आणि खरोखरच बोलल्या नव्हत्या. सतरा दिवस!

नऊ वाजता तिघं तळ्याकडे रवाना झाली आणि काकांनी कार्यालय थाटलं. पहिली गोष्ट, अंगातला तपकिरी कोट काढला. नऊ दिवस हा कोट त्यांच्या अंगावरून उतरला नव्हता. हॉटेलातली माणसं त्यांना ओळखत होती ती या कोटावरून आणि जाड भिंगांच्या चष्म्यावरून. पण लेखकानं कसं सैल असावं! न्हाणीघरात हॉटेलनं टॉवेलच्या कापडाचा पांढरा झगा टांगून ठेवला होता. काकांनी तो बनियन-लेंग्यावर चढवला, आरशात पाहिलं आणि स्वतःवर खूश झाले.

मग टेबल खिडकीकडे सरकवलं. उजेड डोळ्यांवर यायला लागला. भिंतीकडे फिरवलं, तर शाळेत कोपऱ्यात उभं केल्यासारखं वाटू लागलं. खोलीच्या मधोमध आणलं, तर दिव्याची वायर पुरेना. शेवटी वीस मिनिटांनी टेबल मूळ जागी आलं, फक्त काकांना धाप लागली होती. त्यांनी चहाचा पहिला घोट घेतला, पेनचं टोपण काढलं आणि झोकात लिहिलं :

*विषय : सहजीवनास चाळीस वर्षे पूर्ण झाल्याबाबत.*
*संदर्भ : आपली तोंडी मागणी.*
*महोदया,*

काकांनी कागदाकडे पाहिलं. कागदानं काकांकडे पाहिलं. फाडला!

दुसरा घेतला. *उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, खाली सही करणाऱ्याने आपल्या सहवासात चाळीस वर्षांची अखंड सेवा पूर्ण केली असून…* हाही फाडला! तिसऱ्यात 'महोदया' खोडून 'प्रिय' लिहिलं आणि खोलीत कुणी नसताना काकांचे कान गरम झाले. तोही गेला.

थर्मासमधला चहा दुपारपर्यंत पुरवायचा होता. तो पावणेदहालाच संपला. दारापासून खिडकीपर्यंत अकरा पावलं होतात हे काकांनी चाळीसेक वेळा मोजून खात्री करून घेतली. खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली. काकूंनी डब्यात ठेवलेलं जेवले. पाच मिनिटं आडवे झाले, दचकून उठले, लिहायला बसले, पाय हलवू लागले, पाय हलतोय म्हणून टेबल हलतंय असं लक्षात आल्यावर उठले. चार वाजेपर्यंत सतरा कागद टोपलीत गेले होते, डोकं ठणकत होतं आणि आठ वाजायला चारच तास उरले होते.

"चहा!" काका रिकाम्या खोलीत ओरडले. "चहाशिवाय काही होणे नाही!"

आता एक नाजूक बाब सांगायला हवी. काकांनी जन्मात चहा केला नव्हता. कचेरीत तो अकरा आणि तीन वाजता यायचा. घरात केव्हाही यायचा. काकांच्या लेखी चहा ही व्हायची गोष्ट होती, करायची नव्हे. पण आज त्यांना कोण अडवणार? समोर हॉटेलची विजेची किटली होती, शेजारी काकूंचा चहा-साखरेचा डबा होता. काकूंनी रोज सकाळी याच किटलीवर चहा केला होता. तो त्यांनी कसा केला, हे बघायचं काकांना नऊ दिवसांत सुचलं नव्हतं, एवढंच.

काकांनी किटलीत पाणी ओतलं. त्यातच चहाची पूड टाकली, साखर टाकली, आणि ट्रेमधली दुधाची इवलीशी डबी होती तीही टाकली. रंग दिसावा म्हणून झाकण उघडंच ठेवलं. बटण दाबलं, लाल दिवा लागला.

"हात्तिच्या! यात काय आहे एवढं?" काका म्हणाले. "बायका उगीच बाऊ करतात!"

झाकण उघडं राहिलं तर किटली आपोआप बंद होत नाही, आणि तिच्यात पाण्याखेरीज काहीही घालू नये, हे किटलीखालच्या कागदावर सहा भाषांत चित्रांसकट छापलेलं होतं. पण काकांचं सगळं आयुष्य दुसऱ्यांना वाचायला लावण्यात गेलेलं, दुसऱ्यांचं वाचायची सवय कुठली!

दूध मात्र कमी पडत होतं. चहा पांढुरका सोडाच, डबक्यासारखा दिसत होता. खाली न्याहारीच्या हॉलमध्ये दुधाच्या डब्यांची टोपलीच असते. दोन मिनिटांचं काम! काका उठले. आणि उठता उठता त्यांच्या हातांनी आपोआप एक काम केलं.

कचेरीतलं ते जुनं तंत्र होतं. जागेवरून उठायचं असेल तर कोट खुर्चीच्या पाठीला. चष्मा उघड्या फायलीवर. पेन टोपण काढून शेजारी. बूट टेबलाखाली, आणि स्वतः ड्रॉवरमधल्या चपला घालून पसार! साहेब आले तरी त्यांना वाटणार, आत्ता इथेच होते, पाणी प्यायला गेले असतील. या तंत्राच्या जोरावर काकांनी कार्यालयीन वेळेत लेकीचा शाळाप्रवेश, आईच्या मोतीबिंदूची दोन ऑपरेशनं आणि एक अख्खा पाच दिवसांचा क्रिकेट सामना पार पाडला होता. आज खोलीत फसवायला कुणी नव्हतं. पण अडतीस वर्षांच्या हातांना ते कोण सांगणार? कोट खुर्चीवर होताच. बूट टेबलाखाली सारले, चष्मा कोऱ्या पॅडवर ठेवला, पेन उघडं टाकलं. हॉटेलच्या सपाता पायांत सरकवून काका बाहेर पडले. मागे दार टक्‌ करून लागलं. दाराचं कार्ड आत, कोटाच्या खिशात.

खाली हॉलमध्ये एका डबीत जेमतेम चमचाभर दूध असतं असं काकांच्या लक्षात आलं. म्हणून त्यांनी अठरा घेतल्या. झग्याच्या डाव्या खिशात नऊ, उजव्या खिशात नऊ. खोल्या साफ करणारी बाई हातात चादरी घेऊन दारात उभी राहून हे बघत होती. काका तिच्याकडे बघून हसले. एकोणिसावी घ्यावी की नको या विचारात असतानाच डोक्यावर भोंगा वाजू लागला. असा भोंगा, की काकांना वाटलं, दुधाच्या डब्यांवरच काहीतरी पहारा बसवलेला दिसतोय!

त्यांनी घाईघाईनं चार परत टोपलीत टाकल्या. भोंगा थांबेना. तेवढ्यात साफसफाईवाल्या बाईनं त्यांचं मनगट धरलं आणि सरळ बाहेर रस्त्यावर नेऊन उभं केलं.

रस्त्यावर हॉटेलची सगळी जनता गोळा झाली होती. हॉटेलात गरम पाण्याचं तरणकुंड होतं, त्यामुळे दुपारी चारला निम्मी माणसं पोहत असत. पंचवीस-तीस पांढरे झगे फुटपाथवर उभे होते आणि त्यांच्यात काकांचा एक. चष्म्याविना काकांना सगळं धुतलेल्या शाईसारखं पसरट दिसत होतं. काउंटरवरची मुलगी हातात यादी घेऊन गर्दीत फिरत होती. ती एका तपकिरी कोटाला शोधत होती. ती काकांच्या पुढून तीनदा गेली. तिन्ही वेळा काकांनी तिला मान लववून नमस्कार केला!

शेजारी एक गृहस्थ उभे होते. त्यांची एका गालाची दाढी झाली होती, दुसऱ्या गालावर फेस होता. त्यांच्या हातात एक फोन होता. ते आपल्या भाषेत फोनशी बोलले, आणि फोनमधली भाषांतर करणारी बाई स्वच्छ मराठीत म्हणाली, "एका खोलीतून धूर येत आहे. तिसऱ्या मजल्यावर."

काकांना बाई आवडली. कचेरीत असती तर बढती मिळाली असती! "तिसऱ्या? मग ठीक," काका म्हणाले. "आमचा दुसरा."

तिथले लोक तळमजल्यालाच पहिला म्हणतात, हे लेकीनं त्यांना आल्यापासून तीनदा सांगितलं होतं.

"सिगारेट ओढली असेल कुणीतरी मेल्यानं!" काका पुढे म्हणाले. "असल्या माणसांना घराबाहेरच सोडू नये. चार लोकांच्या जिवाशी खेळ!"

फोनमधल्या बाईनं हे अर्ध्या दाढीवाल्यांना सांगितलं. त्यांनी जोरजोरात मान हलवली. दोघांची छान गट्टी जमली.

बंब आला. बंबाचे साहेब उंचेपुरे, मिशीवाले. साहेब दिसताच काका सवयीनं सावध उभे राहिले. माणसं वर धावली, दार फोडल्याचा आवाज आला. दहा मिनिटांनी अर्ध्या दाढीवाले पुढे जाऊन बातमी काढून आले.

"आग नाही," फोनमधली बाई सांगू लागली. "फक्त धूर. पण माणूस सापडत नाही. कोट खुर्चीवर आहे. बूट टेबलाखाली आहेत. चष्मा कागदावर आहे. पेन उघडे आहे. खिडकी उघडी आहे."

"अरेरे!" काकांचा जीव कळवळला. "चष्मा सोडून गेला? चष्म्यावाचून माणूस जाईल कुठं हो? आता माझंच बघा!"

"धुराने गोंधळून तो खिडकीतून उतरला असावा असे साहेबांना वाटते. मागच्या झुडपांत शोधत आहेत."

काकांना स्वस्थ बसवेना. सगळे पांढरे झगे हॉटेलच्या मागे गेले, त्यांत काका सर्वांत पुढे! त्यांनी दोन झुडपं स्वतः वाकवून पाहिली. एका झुडपात त्यांची सपात अडकून राहिली. "अहो, घाबरू नका, बाहेर या!" असं त्यांनी तीन वेळा झुडपाला उद्देशून सांगितलं.

सगळे पुन्हा रस्त्यावर येऊन उभे राहिले, तोच अर्ध्या दाढीवाले नवी बातमी घेऊन आले. टोपलीत फाडलेले कागद सापडले होते. बंबाच्या माणसांनी तुकडे जुळवून त्यांच्यावर फोन धरला होता.

"तो राजीनामा आहे," फोनमधली बाई गंभीरपणे म्हणाली. "त्याने चाळीस वर्षे अखंड सेवा केली. त्याची वरिष्ठ एक महोदया आहे. सतरा वेळा लिहिला. सतरा वेळा फाडला."

काकांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांनी झग्याच्या बाहीनं ते पुसलं. "चाळीस वर्षं! आणि राजीनामा द्यायचीसुद्धा हिंमत होऊ नये! काय दहशत असेल त्या बाईची. गाठ पडली ना, तर चांगलं सुनावीन मी तिला!"

त्याच क्षणी रस्त्यावर एक टॅक्सी करकचून थांबली.

काउंटरवरच्या मुलीनं लेकीला फोन केला होता. दार उघडून आधी उतरली ती काकूंची छाती, म्हणजे तिच्यावर बांधलेलं बोटीतलं नारिंगी फुगीर जाकीट. ते काढायचं भान कुणाला राहिलं नव्हतं. पाठोपाठ काकू. पायांत चप्पल नाही, केस सुटलेले, तोंडानं "अहो… अहो…" एवढंच. त्या काकांच्या अंगावरून वाऱ्यासारख्या पुढे गेल्या.

"अगं! अगं, इकडे!" काका हात उंचावून ओरडले. "बरं झालं लवकर आलात! चल बघायला. कुणीतरी येडबंबू खोलीत कोट ठेवून, चष्मा ठेवून, बूट ठेवून गायब…"

काका थांबले. कोट. चष्मा. बूट. चाळीस वर्षं. महोदया. एकेक फाईल टेबलावर येऊन पडावी तसं एकेक त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी अंगावरच्या झग्याकडे पाहिलं, मग पायांतल्या एकुलत्या एका सपातीकडे.

"…तो मीच," काका पुटपुटले.

काकू वळल्या होत्या. त्यांनी काकांना डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, आणि मग भर रस्त्यात त्यांच्या छातीवर दोन्ही मुठींनी मारायलाच सुरुवात केली. मारता मारता रडू लागल्या. मग मारायचं सोडून त्यांनी काकांना गच्च धरलं, आणि नारिंगी जाकिटाच्या आणि काकांच्या मध्ये दुधाच्या चौदा डब्या एकामागून एक फुटल्या.

"मला वाटलं…" काकू हुंदक्यात म्हणाल्या. "मला वाटलं, दोन पानांपायी…"

काकांना एवढंच कळलं, की झग्यातून दूध ठिबकतंय आणि आपल्याला फार लाज वाटतेय. अर्ध्या दाढीवाल्यांचा फोन अजून चालूच होता. काकूंचा प्रत्येक हुंदका ऐकून फोनमधली बाई म्हणत होती, "समजले नाही. कृपया पुन्हा बोला."

बंबाचे साहेब पुढे आले. त्यांचा चेहरा कठोर होता. त्यांच्या हातात काळीठिक्कर किटली होती आणि चष्मा होता. चष्म्यावर कुणाचा तरी बूट पडला होता. एक काच नव्हती, दुसरीला तडे होते.

"साहेब विचारतात," फोनमधली बाई म्हणाली, "हे सर्व का झाले? लेखी द्या. कोणत्याही भाषेत. सविस्तर."

"लेखी खुलासा?" काकांचा पाठकणा ताठ झाला.

दिवसभर जे हात कागद फाडत होते, ते एकदम शांत झाले. साडेपाच वाजता काका हॉटेलच्या काउंटरपाशी स्टुलावर बसले, ओल्या झग्यानिशी, लेकीनं खोलीतून आणलेलं पॅड-पेन पुढे घेऊन. चष्मा नव्हता, म्हणून अक्षर बोराएवढं येत होतं आणि ओळी उतारावरून घसरत होत्या. पण पेन थांबेना! एक पान झालं, दोन झाली, पाच झाली. लेकीनं पाणी आणून ठेवलं, त्यांनी पाहिलं नाही. पाय हलत नव्हता. साडेसहाला नववं पान संपलं, काकांनी सही ठोकली आणि मान वर केली.

साहेबांनी पानावर फोन धरला. बोराएवढी घसरती अक्षरं पाहून फोनमधल्या बाईनं हात टेकले. "वाचता येत नाही," ती म्हणाली. "कृपया मोठ्याने वाचा."

काकांनी पान डोळ्यांपुढे धरलं, नाकाला लावलं, हात लांब केला. आपलंच अक्षर, पण दिसेल तर शपथ! "अगं," ते काकूंना म्हणाले, "तू वाच जरा. साहेब खोळंबलेत."

काकूंनी जाकीट काढून बाजूला ठेवलं, डोळे पुसले आणि रागारागातच पानं हातात घेतली. भोवती पांढरे झगे गोळा झाले होते. काकू खणखणीत आवाजात वाचू लागल्या, आणि एकेका वाक्यामागून फोनमधली बाई ते त्या लोकांच्या भाषेत सांगू लागली.

"*विषय : किटली. महोदय, किटलीत दूध घातल्याचा गुन्हा खाली सही करणारास मान्य आहे. किटलीत दूध घालू नये, हे त्यास माहीत नव्हते. कारण त्याने आजवर चहा केलेला नाही. पिण्यात मात्र कसूर केलेली नाही. चाळीस वर्षांत सुमारे सत्त्याऐंशी हजार कप त्याने प्यायले आहेत. यांपैकी एकही कप मागावा लागला नाही, ही बाब आज दुपारी चार वाजता प्रथमच निदर्शनास आली.*"

काकूंचा आवाज जरा खाली आला. त्यांनी पान उलटलं.

"*मुलीचा जन्म झाला, त्या दिवशी सकाळी दवाखान्यात जाण्यापूर्वी सदर महिलेने चहा करून झाकून ठेवला होता. खाली सही करणाराने तो थंड असल्याची तक्रार केली होती. ती तक्रार या खुलाशाद्वारे मागे घेण्यात येत आहे.*"

झग्यांमधून कुणीतरी नाक ओढलं. लेक दुसरीकडे बघू लागली.

"*खाली सही करणारा एकदा सदर महिलेस बाजारात विसरून आला. ती सतरा दिवस बोलली नाही. त्या सतरा दिवसांतही चहा येत होता. त्यात साखर कमी नव्हती…*"

इथं काकू थांबल्या. त्यांनी पदरानं तोंड झाकलं. फोनमधली बाई वाट बघत राहिली. बंबाच्या साहेबांनी टोपी काढून काखेत धरली. मग काकूंनी पुढचं वाचलं, इतक्या हळू, की फोन तोंडाजवळ न्यावा लागला.

"*आज चहा आला नाही आणि दिवसभरात एक ओळ लिहून झाली नाही. त्यावरून असे आढळून येते की, आजवरचे सर्व मसुदे खाली सही करणाराने एकट्याने लिहिलेले नाहीत. सदर माहिती याआधीच कळवावयास हवी होती. विलंबाबद्दल क्षमा असावी. आपला नम्र.*"

फोनमधल्या बाईचं बोलणं संपलं. साफसफाईवाल्या बाईनं हातातल्या धुतलेल्या चादरीला डोळे पुसले. अर्ध्या दाढीवाल्यांच्या फेसातून ओघळ वाहत होता. बंबाच्या साहेबांनी पानं घ्यायला हात पुढे केला.

"नाही!" काकू म्हणाल्या आणि नऊ पानं पाठीमागे लपवली. "हे माझं आहे."

"अगं, असं काय करतेस!" काका हादरले. "मूळ प्रत कार्यालयाला जाते! शिस्त असते काही!"

"कार्यालयाला झेरॉक्स द्या," काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात असं काही होतं, की फोनमधल्या बाईनं भाषांतर करण्याआधीच साहेबांनी मान हलवली. काउंटरवरच्या मुलीनं नऊ प्रती काढल्या, साहेबांनी त्या घेतल्या, काळी किटली काखोटीला मारली, काकूंना कडक सलाम केला आणि बंब गेला.

गर्दी पांगली. काका स्टुलावर हात चोळत बसून राहिले. मनातून मात्र उकळ्या फुटत होत्या. दोन पानं कबूल केली होती, नऊ दिली! तीही आठाच्या आत! एवढ्या लोकांसमोर! आता ही काय म्हणते, एवढंच ऐकायचं बाकी होतं.

काकूंनी पानं नीट जुळवली, काउंटरवर ठेवली आणि काकांच्या हातातलं पेन काढून घेतलं. हेडक्लार्कशी चाळीस वर्षं संसार केलेली बाई ती! शेवटच्या पानाच्या डाव्या समासात, वर जागा सोडून, त्या लिहू लागल्या. लिहून झाल्यावर तारीख घातली, खाली सही केली आणि पान, पेनासकट, काकांपुढे सरकवलं.

"दिसत नाही मला," काका लाजत म्हणाले. "वाच ना."

काकूंनी वाचलं. "*खुलासा वाचला. समाधानकारक नाही. सदर महिलेने चाळीस वर्षांत चहाखेरीज इतरही कामे केलेली आहेत. त्यांचा उल्लेख करून दोन पाने फेरसादर करावीत.*"

काकांनी चाचरत विचारलं, "आणि… मुदत?"

"ठरलेलीच," काकू म्हणाल्या. ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबत त्या जिन्याकडे वळल्या. "आठ वाजता. जेवणाच्या टेबलावर."

काकांनी डोळे बारीक करून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वासात! त्यांनी लगबगीनं पॅड पुढे ओढलं, पेन सरसावलं, स्टुलावर नीट बसले आणि सवयीनं हाक मारली, "अगं, तेवढा चहा…"

जिन्यावरून उत्तर आलं, "किटली बंबवाले घेऊन गेले!"